एक कमी

बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या सिस्साची गोष्ट मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून सांगतात. प्रत्यक्षात मुलांना गोडी लागते ती राजाच्या फजितीची. राजा म्हणाला, माग काय हवं ते. सिस्साने पटाच्या पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, असे दुपटीदुपटीने चौसष्ट घरांपुरतेच गहू मागितले. इब्न खल्लिकान या अरबी चरित्रकाराने तेराव्या शतकात ही गोष्ट लिहून ठेवली. सांगणारा कोणीही असो, डोळे विस्फारून एकच म्हणतो : केवढे हो गहू! दाणे होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. एक दाणा चाळीस मिलिग्रॅमचा धरला तर हे गहू सुमारे ७४ हजार कोटी टन भरतात. आजचं जगाचं वर्षाचं पीक ८० कोटी टनांच्या आसपास, तेव्हा सगळ्या जगाला भाकरी-चपाती सोडून नऊशे वर्षं नुसती सिस्साची पोती भरावी लागतील. हे सगळं खरं आहे, पण या संख्येची याहून मोठी बेअदबी नाही. मोठेपणा हा कुठल्याही संख्येचा सगळ्यात कमअस्सल गुण. तो मिळवायला काही करावं लागत नाही आणि शेजारीच एकाने मोठी संख्या बसलेली असल्यामुळे तो टिकतही नाही. या संख्येचा खरा मान दुसरीकडेच आहे. ती पूर्ण व्हायला एक कमी पडते, आणि माझं म्हणणं असं की तिची सारी श्रीमंती त्या कमी पडलेल्या एकात आहे.

आधी तिचं नाव नीट घेता यावं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. बाराव्या शतकातल्या माणसाला यापुढे कशाला लागतंय, अशी त्यांची समजूत असावी, आणि ती रास्तच होती. पण ही बाई वीस अंकी. तेव्हा तिला एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म असं म्हणत म्हणत खाली यावं लागतं आणि लाखाच्या घरात पोचेपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो. गंमत अशी की तिचं नाव घेण्यापेक्षा तिला काढणं सोपं आहे. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायचं कारण नाही. ‘लीलावती’तलाच नियम आहे : पदांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ अशी खूण करा, विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुणा’ अशी खूण करा, मग शेवटाकडून उलट या. चौसष्ट सहा वेळा निम्मे होतात, म्हणून दोनाचा सहा वेळा वर्ग करायचा. दोनाचे चार, चाराचे सोळा, सोळाचे २५६, पुढे ६५५३६, पुढे ४२९४९६७२९६, आणि सहाव्या वर्गाला १८४४६७४४०७३७०९५५१६१६. अल्-बिरुनीनेही इसवी सन १०००च्या सुमारास असेच वर्ग करत करत हा हिशोब मांडला आणि तो शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आहे. शेवटी नियम सांगतो, यातून एक वजा करा. हा वजा एक म्हणजे नियमाच्या शेपटाला चिकटलेली तांत्रिक बाब वाटते. तिथेच माणसं फसतात. आणखी एक चाळा म्हणून त्या वीस अंकांवरून बोट फिरवून पाहा. शून्य दोनदा आहे, सात तीनदा, चार चारदा. दोन मात्र एकदाही नाही! नुसत्या दोनाला दोनाने गुणत जन्माला आलेल्या संख्येच्या चेहऱ्यावर दोनाचा मागमूस नाही. चेहऱ्यावरून कुळाची परीक्षा करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता वजा एकाकडे. आपल्याकडे वरचा एक हा पुण्यवान. आहेराच्या पाकिटात शंभर कोणी घालत नाही, एकशे एक घालतात. पाचशे एक, हजार एक. त्या एका रुपयाच्या नाण्यात शुभ काय आहे हे विचारलं तर उत्तर मिळत नाही, पण नाणं मिळालं नाही म्हणून पाकीट हातात धरून कार्यालयाच्या दारात ताटकळलेली माणसं मिळतात. उलट नव्याण्णव म्हटलं की आठवतं ते दुकानदाराचं लबाड लेबल. तेव्हा या रिवाजाचीच परीक्षा घेऊ. मधली पूर्ण संख्या घेतली, १८४४६७४४०७३७०९५५१६१६, म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात. तिचे विभाजक किती? पासष्ट. कोणते? एक, दोन, चार, आठ, सोळा. नकोच पुढे. सगळा गोतावळा एकाच दोनाचा, घरात दुसरं माणूस नाही. मग आहेराची रीत पाळून एक मिळवला. ती संख्या निघाली पक्की घुमी. तिच्या पोटात काय आहे हे १८८०पर्यंत जगजाहीर झालं नव्हतं. फोर्तुने लाँद्री या फ्रेंच गृहस्थाने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते बाहेर काढलं, आणि निघालं काय तर २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ असे दोन मूळ अवयव. इतकी वर्षं ताटकळल्यावर दोन. आणि एक वजा केला की? ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, एकही दोनदा नाही, आणि त्यांच्या जोड्या लावून मिळणारे विभाजक एकशे अठ्ठावीस. अठ्ठावीस नव्हे, एकशे अठ्ठावीस. दोनाचा चेहऱ्यावर पत्ता नव्हता ना? तो इथे निघाला, कारण १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात.

हा कुटुंबकबिला आला कुठून हे पाहण्यासारखं आहे, आणि त्याला आठवी-नववीच्या पुस्तकापलीकडचं काही लागत नाही. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. एक हा स्वतःचाच वर्ग असल्यामुळे आपली संख्या ४२९४९६७२९७ गुणिले ४२९४९६७२९५ अशी उकलते. यातली दुसरी म्हणजे पटाच्या वरच्या अर्ध्या भागातले सगळे दाणे. वजन करायला गेलं तर जेमतेम १७२ टन, एवढ्यावर राजाच्या कोठाराला ढेकरही येणार नाही. आणि तीही पुन्हा एका वर्गातून एक गेल्यावर उरलेली, म्हणून ती पुन्हा उकलते : ६५५३७ गुणिले ६५५३५. मग २५७ गुणिले २५५, मग १७ गुणिले १५, मग ५ गुणिले ३. दर पायरीला ‘अधिक एक’वाला अवयव गळून बाजूला पडतो आणि ‘वजा एक’वाला पुढची पायरी उतरतो. म्हणजे पुढचं सगळं प्रसवण्याचं काम वजा एकाचं आणि अधिक एक नुसता गादीवर बसलेला. त्या बसलेल्यांवर मात्र थोरामोठ्यांच्या नजरा खिळल्या. ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही मंडळी मूळ संख्या आहेत हे पाहून फर्माने १६४० साली अंदाज बांधला की पुढची ४२९४९६७२९७ आणि तिच्याही पुढच्या सगळ्या मूळच असणार. फर्माचा शब्द म्हणजे शब्द, त्यामुळे जवळजवळ शतकभर कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. १७३२ साली ऑयलरने सांगितलं की हिला ६४१ने नि:शेष भाग जातो. ६४१ म्हणजे चौसष्ट दाही सहाशे चाळीस आणि वर एक. चौसष्ट तिथेही पाठ सोडत नाही. फर्माच्या अंदाजाची गत अशी की पहिल्या पाचांनंतर या जातीची एकही मूळ संख्या आजपर्यंत सापडलेली नाही. म्हणजे जगाला ठाऊक असलेल्या फर्माच्या झाडून सगळ्या मूळ संख्या सिस्साच्या एकाच पोत्यात आहेत. या पाचांची किंमत गाउसला कळली. १७९६ साली, अठरा वर्षांचा असताना, त्याने नुसत्या पट्टी-कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवलं, आणि पुढे ज्यांच्या जोरावर असे विषम बाजूंचे बहुभुज निघतात त्या संख्या म्हणून नेमक्या याच पुढे आल्या. त्यानंतर योहान हेर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने दहा वर्षं खपून ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती लिहिली आणि १८९४ साली तिच्या कागदांची पेटी ग्योटिंगेनला नेऊन ठेवली. ६५५३७ बाजूंचा बहुभुज कागदावर काढला तर वर्तुळ म्हणूनच दिसतो, ही गोष्ट त्यांना घरात कोणी सांगितली नाही असं दिसतं.

आता आक्षेप. चतुर वाचक म्हणेल, ही करामत वजा एकाची कसली? ही वर्गांच्या वजाबाकीची, आणि ती शाळेतली आहे. कबूल आहे, आणि आक्षेपात आणखी बळ भरायलाही मी तयार आहे. पटाला चौसष्टाऐवजी एकसष्ट घरं असती तर? तेव्हाही सिस्साला एकाने कमी अशीच संख्या मिळाली असती, २३०५८४३००९२१३६९३९५१, आणि ही आहे मूळ संख्या! इव्हान पेर्वूशिन या रशियन धर्मगुरूने १८८३ साली ते सिद्ध केलं. एकसष्ट घरांच्या पटावरचे गहू जगातल्या कुठल्याही कुटुंबात सारखे वाटता आले नसते, एकाच माणसाने घ्यायचे किंवा ज्याचा त्याचा एकेक दाणा. सदुसष्ट घरं असती तर आणखी निराळा प्रकार. ती संख्या मूळ नाही एवढं कळून पंचवीसेक वर्षं झाली तरी तिचे अवयव कोणाला माहीत नव्हते. १९०३ साली फ्रँक कोल न्यूयॉर्कच्या सभेत फळ्यापाशी गेले, अवाक्षर न काढता एका बाजूला दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली आणि ते जागेवर जाऊन बसले. टाळ्या पडल्या. यासाठी किती वेळ लागला असं विचारल्यावर त्यांनी तीन वर्षांचे रविवार असं सांगितल्याची कथा आहे. (कोलबाईंचं यावर काय म्हणणं होतं हे इतिहासाने नोंदवलेलं नाही, पण अंदाज बांधायला गणित लागत नाही.) तेव्हा नुसता वजा एक पुरत नाही, हे मान्य. त्याला घरंदाज घातांक लागतो. चौसष्ट हे पुन्हापुन्हा निम्मे होत एकापर्यंत जातात, म्हणून वर्गांच्या वजाबाकीचा जिना तळापर्यंत उतरता येतो. पण याच चौसष्टाने अधिक एकाला काय दिलं? लाँद्रींची दोन माणसं. घर तेच, पट तोच, फरक फक्त चिन्हाचा. मग श्रेय कोणाचं?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : अवयव असून उपयोग काय? उपयोग वाटणीचा. हे गहू तिघांत सारखे वाटता येतात, पाच जणांत, पंधरांत, सतरांत, एक्कावन्नांत, पंच्याऐंशींत, दोनशे पंचावन्नांत वाटता येतात. पाच पांडवांना दाणा न दाणा सारखा मिळतो. शंभर कौरवांत वाटायला घेतले तर पंधरा दाणे उरतात, आणि दुर्योधनाचा स्वभाव पाहता त्या पंधरांवरूनही युद्ध झालंच असतं. या संख्येचं खरं दुखणं एकच, ती विषम आहे. दोन भावांत वाटणी होत नाही. एकशे चौऱ्याऐंशी परार्ध दाण्यांतला शेवटचा एक दाणा मधोमध उरतो, आणि आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांची गती पाहता पोत्यांना कीड लागेपर्यंत तारीख पे तारीख चालेल. तेवढ्यापुरता वरचा एक हवासा वाटतो हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण दोन भावांची सोय करण्यासाठी तीन, पाच आणि सतरा जणांच्या तोंडचा घास काढणं मला तरी रास्त वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत धोक्याचा : हा वजा एक म्हणजे गव्हाच्या गोष्टीतला योगायोग आहे, तो दुसरीकडे कशाला येईल? येतो. पटावर तो येतो कारण मागच्या सगळ्या घरांची बेरीज पुढच्या घरापेक्षा नेहमी एकाने कमी भरते : एक आणि दोन तीन, पुढचं घर चाराचं, एक, दोन, चार सात, पुढचं घर आठाचं. संगणकात तो निराळ्याच कारणाने येतो. तिथे संख्या चौसष्ट जागांत शून्य आणि एक मांडून लिहितात. मांडण्या पूर्ण दोनाच्या चौसष्टाव्या घाताइतक्या, पण त्यातली एक मांडणी शून्याने आधीच अडवलेली, म्हणून सगळ्यात मोठी संख्या एकाने कमी. सगळ्या चौसष्ट जागी एक, एक, एक. दशमान लिपीत जिचा चेहरा लॉटरीच्या तिकिटासारखा होता तीच संख्या इथे अशी साधी, ओळीत उभी. यूट्यूबवर ‘गंगनम स्टाईल’ या कोरियन गाण्याची प्रेक्षकसंख्या २०१४ साली २१४७४८३६४७च्या पलीकडे गेली तेव्हा कंपनीला मोजणी चौसष्ट जागांवर न्यावी लागली. त्यातली एक जागा अधिक-उणे चिन्हाकडे गेली, तेव्हा नवी मर्यादा झाली ९२२३३७२०३६८५४७७५८०७. ही म्हणजे बरोबर पटाच्या पहिल्या त्रेसष्ट घरांतले दाणे. आणि त्या चौसष्ट एकांच्या भरलेल्या रांगेत आहेराच्या रीतीने आणखी एक घालून पाहा. उजवीकडचा एक शून्य होतो, हातचा पुढे जातो, तोही शून्य होतो, आणि हातचा सरकत सरकत पासष्टाव्या जागी पोचतो तेव्हा ती जागाच नसते. बाकी शून्य. शुभशकुनाचा रुपया घातला आणि पाकीट रिकामं झालं, असा आहेर इतरत्र कुठे पाहायला मिळणार नाही.

तिसरं ठिकाण काशी. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली ‘हनोईचा मनोरा’ नावाचं कोडं विकायला काढलं, तेही स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून बनवलेल्या एका सयामी पंडिताच्या नावावर. पुढच्याच वर्षी आंरी द पार्व्हिल यांनी त्याला साजेशी आख्यायिका छापली : काशीच्या मंदिरात पितळी पाटावर तीन हिऱ्याच्या सळ्या, एकीवर खाली मोठी, वर लहान अशा सोन्याच्या चौसष्ट चकत्या, आणि ब्रह्मदेवाची आज्ञा की एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा ढीग दुसऱ्या सळीवर न्यायचा. तो गेला की जगाचा अंत. खेळ्या लागतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. मांडण्या या वाटेवर पूर्ण दोनाच्या चौसष्टाव्या घाताइतक्या येतात, पण पहिली मांडणी आयतीच मिळालेली असते, तिच्यासाठी कोणी हात हलवत नाही, म्हणून एक कमी. म्हणजे पटावर बेरजेमुळे, संगणकात शून्यामुळे आणि काशीत आयत्या सुरुवातीमुळे. तीन घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि मूल तेच! दर सेकंदाला एक खेळी धरली तर काम संपायला साधारण साडेअठ्ठावन्न हजार कोटी वर्षं लागतात, आणि पाश्चात्त्य लेखक इथे हटकून दम टाकतात. आपण टाकायचं कारण नाही. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि रात्र तेवढीच, तेव्हा त्याच्या पंचांगात हे काम अडुसष्टाव्या रात्री संपतं, सव्वादोन महिन्यांचा ठेका. अडचण आहे ती वेगळीच. ब्रह्मदेवाच्या दर रात्री प्रलय होतो. पहिली रात्र होईल तेव्हा वरच्या छप्पन्न चकत्यांचा ढीग एकदा पुरता हलून सत्तावन्नावी जागेवरून निघालेली असेल, खालच्या सात चकत्यांना हातही लागलेला नसेल, आणि जग बुडेल. द पार्व्हिल महाशयांनी काम पूर्ण झाल्यावर जगाचा अंत ठेवला. आपल्या हिशोबाने तोवर जग अडुसष्ट वेळा बुडालेलं असतं. मग हे काम तडीस जावं तरी कुठे? पुराणं सांगतात की प्रलयात सगळं बुडतं तेव्हा शंकर एक गाव तेवढं त्रिशुळावर उचलून धरतो, ते काशी. पॅरिसमधल्या लेखकाला हे ठाऊक असण्याचा संभव कमी, पण मंदिरासाठी गाव त्याने अचूक निवडलं.